सापडेपर्यंत विमानातच

रामटेके साहेब नागपुरात वारल्याची बातमी आमच्या ‘निवांत’ सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी आली. तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेत मध्येच तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी ‘लिफ्ट पुन्हा अडकते आहे, कोणी बघेल का?’ असं विचारलं, आणि त्याच्याखालीही दोघांनी सवयीनं हात जोडले. ठरवून श्रद्धांजली वाहायची म्हटली असती तर आम्हाला इतकी समर्पक सुचली नसती.

मी याच सोसायटीत, त्यांच्या समोरच्या दारात राहते. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. नकाशावर बोट ठेवून मुलांना जग दाखवलं आणि स्वतः सिंहगडाच्या पलीकडे फारशी गेले नाही. त्यामुळे समोर ‘विमानातले’ गृहस्थ राहायला येणार म्हटल्यावर मला कुतूहल होतं. ते सगळ्यांनाच होतं. कर्वेनगरात प्राध्यापक पैशाला पासरी मिळतात, विमानातला माणूस मिळत नाही. आमचे अध्यक्ष कानडे तर ‘आपल्याकडे पायलट येतोय’ असं दूधवाल्यालासुद्धा सांगून बसले होते.

सामानाचा टेम्पो आला तेव्हा कानडे स्वागताला खाली उभे होते. मीही गॅलरीत होते, कपडे वाळत घालण्याच्या निमित्तानं.

“पायलट ना आपण?” कानडे म्हणाले.

“नाही. मेंटेनन्स इंजिनिअर.”

“म्हणजे दुरुस्ती?”

“दुरुस्ती, तपासणी, आणि मग विमान उडू द्यायचं की नाही ते ठरवायचं.”

कानड्यांनी यातला पहिला शब्द तेवढा ऐकला. संध्याकाळपर्यंत सोसायटीत ‘विमानाच्या गॅरेजात होते’ एवढीच माहिती उरली होती. पण आमच्या लोकांची माहितीची भूक अशी भागत नाही. दुसऱ्या दिवशी कानड्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न काढला, “मूळचे कुठले आपण?” रामटेके म्हणाले, “नागपूर.” “हो, पण नागपुरात कुठले? म्हणजे रामटेके म्हणजे नेमके...” हा प्रश्न पुण्यात नेहमी इथपर्यंतच विचारतात, पुढचं समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. रामटेक्यांनी ते शांतपणे समजून घेतलं. “दीक्षाभूमीच्या शेजारचे,” ते म्हणाले. “अजून काही पाहायचं असेल तर सांगा, झाकण उघडून दाखवतो.” कानडे त्यानंतर बराच काळ हवापाण्यावर बोलत राहिले.

माणूस ठेंगणा, काळासावळा, इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात टॉर्च. दिवसासुद्धा टॉर्च. कुठलीही वस्तू समोर आली की आधी ती खालून बघायची, ही त्यांची सवय. लग्नात गेले तर मांडवाचे खांब बघून मगच खुर्चीवर बसत, आणि खुर्ची बघून मगच जेवत. ‘छान’ हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नसे. वस्तू दोनच प्रकारच्या, चालेल आणि चालणार नाही. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं मोठ्या हौसेनं आपला होणारा नवरा भेटायला आणला. चहा झाल्यावर तिनं विचारलं, “काका, कसा वाटला?” रामटेके विचार करून म्हणाले, “चालेल.” मुलगी हिरमुसली. त्यांच्या पत्नी सुमनताईंनी तिला आत नेऊन सांगितलं, “अगं, माझ्याबद्दल अजून तेवढंही म्हणाले नाहीत.”

या घराचे नियम वेगळे होते. रामटेक्यांच्या धंद्यात म्हणे महत्त्वाचं काम ज्यानं केलं त्यानंच ते तपासून चालत नाही. दुसऱ्या माणसानं स्वतंत्रपणे तपासायचं असतं, कारण आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. हा नियम त्यांनी थेट स्वयंपाकघरात लावला. सुमनताईंनी वरण केलं तर मीठ त्यांनी बघायचं, त्यांनी केलं तर सुमनताईंनी. गॅस एकानं बंद केला की दुसऱ्यानं जाऊन बघायचं. मी एकदा सुमनताईंना विचारलं, कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, “येतो ना. पण यांच्या चुका काढायची परवानगी घरच्या नियमातच मिळाली आहे, अशी बाई तुमच्या पुण्यात दुसरी दाखवा.”

सुमनताई काही वर्षांपूर्वी गेल्या. तेराव्याचं वगैरे त्या घरात काही नव्हतं. बुद्धवंदना झाली, खीर झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. रामटेके हातात वाटी घेऊन उभे. “बाई, जरा मीठ पाहता का?” मी चाखून सांगितलं, कमी आहे. “बरं,” म्हणून ते वळले. मला दार लावल्यावर रडू आलं. मग ते रोजचंच झालं, आणि कुठल्याही रोजच्या गोष्टीसारखं त्याचं मला काही वाटेनासं झालं.

त्यांच्या हॉलमध्ये, जिथे बाकीच्यांकडे टीव्ही असतो, तिथे एक मोठी लाकडी फळी होती. त्यावर पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर टांगलेले. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. हत्यार काढलं की सावली उघडी पडायची. विमानाच्या हँगरमध्ये अशाच फळ्या असतात, असं ते सांगत. काम संपलं की फळीकडे बघायचं, सावली उघडी नसेल तर सगळं जागेवर आहे, करा सही. एक जरी सावली उघडी दिसली तर विमान जागचं हलायचं नाही. “सही करेपर्यंत सगळेच इंजिनिअर असतात, बाई,” ते म्हणत. “सही झाली की एकटाच उरतो.”

या फळीखाली बसून ते एक गोष्ट सांगत. आलेल्या प्रत्येकाला सांगत, आणि जो पुन्हा येई त्याला पुन्हा सांगत. एका संध्याकाळी विमान भरलेलं, प्रवासी पट्टे बांधून बसलेले, आणि फळीवर एक सावली उघडी. तपासणीचा छोटासा आरसा, दाढी करायला पुरेल एवढा. रामटेक्यांनी सही करायला नकार दिला. मॅनेजर आला, त्याचा मॅनेजर आला, आत एक मंत्री बसले होते त्यांचा माणूस आला. सगळे एकच विचारत होते, एवढ्याशा आरशासाठी? प्रवासी उतरवले, विमानाची झाकणं उघडली. शेवटी आरसा कुठे सापडला? एका सहकाऱ्याच्या डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बरणीला चिकटून.

“म्हणजे विमान फुकटच थांबवलंत की,” ऐकणारा हटकून म्हणे.

रामटेके याचीच वाट बघत असत. “फुकट कसं? हरवलेलं हत्यार सापडेपर्यंत विमानातच असतं.”

आपल्या सहीनं गेलेल्या एकाही विमानात विसरलेलं हत्यार नव्हतं, हा त्यांचा एकमेव अभिमान. बढती फारशी मिळाली नाही, त्याबद्दल ते बोलत नसत. आरशाच्या संध्याकाळनंतर ती मिळण्याची शक्यताही फारशी उरली नसावी.

अशा माणसाचं आमच्यासारख्या सोसायटीत एकच होऊ शकतं. आम्ही त्यांना लिफ्ट आणि पंपाचे मानद प्रमुख केलं. मानद म्हणजे मान त्यांना आणि दगदगही त्यांनाच. लिफ्टच्या मेन स्विचची किल्ली त्यांच्याकडे गेली. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीकडून दत्ता नावाचा मेकॅनिक येई. मुळशीकडचा, तिशी-पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये काम करी आणि रामटेके त्याच्या पाठीशी टॉर्च धरून उभे राहत. दत्ता मला जिन्यात भेटला की म्हणे, “बाई, माझी सासूबी माझ्यावर एवढी नजर ठेवत न्हाई.” पण चहा तो रामटेक्यांकडेच पीत असे.

तर एके दिवशी दत्तानं लिफ्टचं काम संपवलं आणि पिशवी आवरताना तो थबकला. तेरा नंबरचा पाना नव्हता.

“इथंच ठिवला हुता, सायेब. आता त्याला काय पाय फुटलं व्हय?”

दोघांनी मशीनरूम पालथी घातली. मग रामटेके घरी गेले, आपली फळी पाहून आले. “माझं सगळं जागेवर आहे,” ते म्हणाले, आणि मेन स्विच पाडून किल्ली खिशात टाकली. पाना सापडेपर्यंत लिफ्ट बंद. चाकात अडकला असेल, तारेवर पडला असेल, दरवाजाच्या वर असेल. सापडेपर्यंत तो लिफ्टमध्येच आहे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कानड्यांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, सहाव्या मजल्यावर. कानडे आधी समजुतीनं आले, मग अध्यक्ष म्हणून आले, शेवटी नुसतेच आले. “अहो, ही लिफ्ट आहे, विमान नाही!” ते ओरडले. रामटेके म्हणाले, “सहाव्या मजल्यावरून पडायला विमान कशाला लागते?” आचाऱ्याची पातेली जिन्यानं गेली. गुरुजी चौथ्या मजल्यावर बसले ते तिथूनच मंत्र म्हणू का विचारू लागले. वर पोचेपर्यंत पाहुण्यांना दिवसा तारे दिसले, आणि आमच्या लोकांनी प्रत्येक वळणावर उभं राहून ‘विमान लेट आहे’ असं त्यांना सांगितलं.

कानड्यांना राग कुणावर तरी काढायचा होता. रामटेक्यांवर निघेना, कारण ते उलट उत्तर द्यायचे आणि ते बरोबर असायचं. म्हणून त्यांनी दत्ताच्या कंपनीला फोन केला. तुमचा माणूस निष्काळजी आहे, हत्यारं टाकून जातो, आमचा अख्खा समारंभ त्यानं बुडवला. कंपनीनं दत्ताला घरी बसवलं. पाना सापडला तर बघू, म्हणाले. दत्ता रोज येऊन लिफ्टच्या खड्ड्यात उतरून शोधू लागला, बिनकामाचा, बिनपगारी. रामटेके वरून टॉर्च दाखवत.

माझं बेसिन याच सुमारास पुन्हा गळायला लागलं. लिफ्टच्या कामाच्याच दिवशी सकाळी रामटेक्यांनी ते दुरुस्त केलं होतं आणि दत्ता आला म्हणून माझ्याकडूनच ते थेट गच्चीवर गेले होते. मी खाली बादली ठेवायला वाकले, तर मागच्या कोपऱ्यात, नळीच्या आड, एक पाना पडलेला. त्याच्या दांड्यावर ‘रा’ कोरलेला. मी तो पुसला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. दत्ता आत चहा पीत बसला होता.

“साहेब, तुमचा पाना माझ्याकडेच राहिला होता की.”

रामटेक्यांनी तो हातात घेतला. ‘रा’वरून अंगठा फिरवला. मग फळीकडे पाहिलं. फळीवर एकही सावली उघडी नव्हती. तेरा नंबरच्या सावलीवर एक पाना आरामात टांगलेला होता.

ते उठले आणि त्यांनी तो काढला. त्याच्यावर काहीच कोरलेलं नव्हतं, दांड्याला पिवळ्या रंगाचा पट्टा होता. दत्ताचा कप हातातच राहिला.

काय झालं असेल हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मशीनरूममध्ये जमिनीवर पाना दिसला. चाळीस वर्षांच्या हातानं तो आपोआप उचलला, पुसला, खिशात टाकला. मध्येच चहाला घरी आल्यावर खिशात पाना आणि फळीवर उघडी सावली. हातानं पुढचं कामही करून टाकलं. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

“असू द्या, सायेब,” दत्ता म्हणाला. “सापडला न्हवं? मी सांगतो, खड्ड्यात गावला म्हनून.”

एवढा सोपा उपाय होता. पाना सापडला असता, दत्ताची नोकरी परत आली असती, लिफ्ट चालू झाली असती आणि कानड्यांना लोक म्हणाले असते, बघा, रामटेक्यांचंच खरं होतं. मलाही तो पसंत होता. मी मान डोलावल्याचं मला आठवतं. रामटेक्यांनी चपला घातल्या. दत्ताला मागे बसवून स्कूटरवर ते थेट त्याच्या कंपनीत गेले आणि साहेबाच्या टेबलावर पाना ठेवून म्हणाले, “हा मी नेला होता. या माणसाची यात काही चूक नाही.” दत्ता दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

रविवारी सोसायटीची सभा होती. अजेंड्यावर लिफ्ट पहिली. रामटेके उभे राहिले आणि जसं झालं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, “चूक माझी आहे. किल्ली परत करून राहिलो.”

आमच्या सोसायटीत चुका आपोआप होतात. त्या कुणी केल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. कानडे तर तयारीनं आले होते. रामटेक्यांवर काय काय बोलायचं हे त्यांनी मुद्द्यांसकट ठरवलं होतं, आणि या माणसानं त्यांच्या आधीच सगळं बोलून टाकलं. सचिवांनी पेन उचललं, ठेवलं, आणि विचारलं, “यावर अनुमोदन लागतं का?” कुणीतरी म्हणालं, मागच्या सभेत असं काही नव्हतं. शेवटी कानड्यांनी घसा खाकरून, सदर विषय तांत्रिक स्वरूपाचा असल्यानं पुढील सभेत घ्यावा, असं सुचवलं आणि ते एकमतानं मंजूर झालं. एकमतानं मंजूर झालेला आमच्या सोसायटीतला तो मला आठवणारा एकमेव ठराव.

सभेत कुणी बोललं नाही. ते सगळं जिन्यात बोललं गेलं. कुणाचा पेपर नाहीसा झाला, कुणाची चप्पल सापडेना, की ‘रामटेक्यांच्या फळीवर बघा’. एकदा एका शहाण्यानं खरंच बेल वाजवून हसत हसत विचारलं, आमची छत्री आहे का हो तुमच्याकडे? रामटेक्यांनी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, “या, पाहून घ्या.” तो मागच्या मागे पळाला. मला संताप आला होता. पुण्याच्या तिरकस बोलण्याचं आपण फार कौतुक करतो. त्या आठवड्यात मला त्याची शिसारी आली.

पण त्यांना लागलं होतं ते हे नव्हतं. एका संध्याकाळी मी गेले तर ते फळीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

“बाई, ही फळी मला फक्त कमी काय ते सांगते,” ते म्हणाले. “जास्त आलेलं हिला कळतच नाही. दुसऱ्याचा पाना टांगला आणि माझा बाहेर राहिला, तरी ही म्हणणार सगळं जागेवर आहे.”

“पण तुमच्या हँगरमध्ये तर क्रमांक कोरलेले असायचे ना हत्यारांवर? ते बघत असाल.”

“पाहत होतो. असं मला आठवते. पाना पण जमिनीवरून उचललेला मला आठवत नाही.”

मी म्हणाले, अहो, सगळी विमानं सुखरूप उतरली ना? मग झालं तर.

“सगळी उतरली. म्हणजे ती उतरली, एवढंच. मी बरोबर होतो असं त्याच्यातून निघत नाही.”

भूगोलात अशी पंचाईत येत नाही. डोंगर असतो किंवा नसतो. मला त्यांची फार दया आली आणि ती दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी घरी जाऊन वाटीभर आमटी घेऊन आले. मुद्दाम अळणी. त्यांनी ती खाल्ली आणि म्हणाले, “छान आहे.”

मी घाबरले. ज्या माणसानं सोसायटीच्या होणाऱ्या जावयाला नुसतं ‘चालेल’ म्हटलं तो अळणी आमटीला छान म्हणत होता. त्यानंतर ते वाटी घेऊन माझ्या दारी आले नाहीत. टॉर्च खिशातून गेला. लिफ्टची किल्ली कानड्यांकडे होती, म्हणजे ती कुठे होती ते कुणालाच माहीत नव्हतं. दत्ता यायचा, काम झाल्यावर त्यांच्याकडे जाऊन म्हणायचा, “सायेब, येकदा नजर टाका की.” ते म्हणायचे, “तू पाहिलं ना? मग झालं.” दत्ता जिन्यात माझ्यापाशी येऊन म्हणाला, “बाई, सायेब बरं न्हाईत. मला शिव्या देत न्हाईत.”

मग त्यांचं पोट दुखायला लागलं आणि ऑपरेशन ठरलं. मुलगी वैशाली नागपूरहून आली. ऑपरेशन उत्तम झालं. नंतर मीच तापानं पडले आणि वैशाली त्यांना दवाखान्यातूनच नागपूरला घेऊन गेली. तिथे काही महिन्यांनी ते झोपेतच गेले. त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळी मला दिसले तेच शेवटचे.

कर्वे रस्त्याजवळचाच दवाखाना. हिरव्या झग्यात ते आणखी ठेंगणे दिसत होते. डॉक्टरांनी कागद पुढे केला, त्यावर त्यांनी न वाचता सही केली. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. दत्ता कामावर जाता जाता आला होता, हातात हेल्मेट घेऊन भिंतीला टेकून उभा होता. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नेऊन थांबवलं. आत तयारी चालली होती. दार अर्धं उघडं होतं आणि आतून एक बाई मोठ्यानं हत्यारं मोजत होती. प्रत्येक आकड्यामागून दुसरा आवाज तोच आकडा म्हणत होता.

रामटेक्यांनी मान वळवली. बराच वेळ ऐकत राहिले. सिस्टर बाहेर आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

“सिस्टर, काय मोजून राहिले?”

“इन्स्ट्रुमेंट्स, काका. आधी मोजतो, नंतर मोजतो. दोघीजणी मोजतो. तुमच्या पोटात काही राहणार नाही, घाबरू नका.”

“ते बरोबर आहे. पण कमी आहे का ते तर सगळेच पाहतात. एखादं जास्त नाही ना, तेही पाहा.”

ती हसली. “जास्त कसं असेल काका?”

“मलाही तसंच वाटायचं,” ते म्हणाले.

सिस्टरचं हसू मावळलं. ती आत गेली आणि आतलं मोजणं थांबलं. थोड्या वेळानं ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, या वेळी सावकाश. रामटेके डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक आकड्याला त्यांचे ओठ हलत होते. मोजणं पुरं झालं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि वॉर्डबॉयला म्हणाले, “हं. आता चालेल.”